सेलिब्रिटींच्या बाइक मालिका आणि एकट्याने केलेला लांबचा प्रवास: फरक नेमका कुठे?

सुकाणू (धागाकर्ता)

मंडळी, स्कॉटिश नट इवान मॅकग्रेगर आणि त्याचा मित्र, नट चार्ली बूरमन यांची बाइकप्रवासाची चौथी टीव्ही मालिका, २०२५ ची 'लाँग वे होम', पाहून संपवली. या वेळी दोघांनी सत्तरच्या दशकातल्या जुन्या बाइक काढल्यात. मॅकग्रेगरकडे मोटो गुझी, बूरमनकडे बीएमडब्ल्यू. बघायला मजा आली. पण ही जोडी पडद्यावर आली की बाइकवाल्यांत दोन तट पडतात आणि तेच ते सुरू होतं. एक गट म्हणतो, सगळी नौटंकी, मागे गाड्या भरभरून माणसं असतात. दुसरा म्हणतो, असू देत की, हे वेड आपल्याला लावलं कुणी? मला दोघांचंही अर्धंच पटतं, म्हणून हा धागा.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. २००४ च्या 'लाँग वे राउंड'मध्ये ही माणसं खरोखर बाइक चालवत होती. १४ एप्रिलला लंडनहून पूर्वेकडे निघाली आणि २९ जुलैला न्यूयॉर्कला पोचली. वाटेत युक्रेन, रशिया, कझाकस्तान, मंगोलिया, सायबेरिया. रशियाच्या पूर्व टोकाच्या मगादानहून अलास्कापर्यंत विमान, सायबेरियात एक टप्पा रेल्वेने, कारण तिथे रस्ताच धड नव्हता. मंगोलियाच्या चिखलात दोघे इतक्यांदा आडवे झाले की परत रशियात वळावं का, अशी चर्चा झाली. त्यांचा कॅमेरामन क्लॉडिओ फॉन प्लांटा स्वतः तिसरी बाइक हाकत होता आणि चित्रीकरणही करत होता. त्या माणसाचं नाव कुणी घेत नाही.

आता दुसरी बाजू. सपोर्टच्या गाड्या वेगळ्या चालायच्या आणि सीमेवर एकत्र यायच्या. ताफ्यात डॉक्टर होता. कझाकस्तानात तर पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या आणि गावोगावी स्वागत समारंभ, ज्याला ते दोघेही वैतागले होते.

माझ्या मते खरा फरक तारखेचा आहे. पैसा, बाइक, प्रसिद्धी हे सगळं त्यानंतर येतं. शूटिंगला निघालेल्या माणसाची परतायची तारीख निघण्याआधीच ठरलेली असते. २००७ च्या 'लाँग वे डाउन'मध्ये स्कॉटलंडच्या टोकापासून केप टाउनपर्यंत १२ मे ते ४ ऑगस्ट एवढाच वेळ होता, आणि आफ्रिकेत ते स्वतःच घाईबद्दल कुरकुरतात. एकट्या माणसाचं घोडं व्हिसावर किंवा एखाद्या बेअरिंगवर अडलं, की तो तिथेच राहतो. आठवडा, दोन आठवडे. त्या थांबण्यात त्याला गाव कळतं, माणसं कळतात, कंटाळा कळतो. मालिका संकट दाखवू शकते, पण ताटकळणं दाखवू शकत नाही.

---

शंकासुर

तारखेचं ठीक आहे, पण 'स्वतंत्र' हा शिक्का तुम्ही कुणावर मारणार? टेड सायमन हा या पंथाचा मूळ पुरुष मानला जातो. १९७३ मध्ये निघाला, चार वर्षं ट्रायम्फवर जगभर हिंडला. त्याच्या पाठीशी लंडनचं 'संडे टाइम्स' होतं. त्याच्याही आधी १९३२ मध्ये रॉबर्ट फुल्टन नावाचा अमेरिकन तरुण लंडनमधल्या एका मेजवानीत बोलून गेला की मी घरी मोटरसायकलने जाणार. शेजारी डग्लस कंपनीचा माणूस बसलेला. त्याने बाइक देऊ केली आणि पठ्ठ्याला शब्द गिळता येईना. तो सिनेमाचा कॅमेराही घेऊन गेला होता. म्हणजे प्रायोजक आणि कॅमेरा दोन्ही नव्वद वर्षांपूर्वीचेच. मग मॅकग्रेगरनेच काय घोडं मारलंय?

---

सुकाणू

शंकासुर, प्रायोजक असण्याला माझी हरकत नाहीच. सायमनला ब्राझीलमध्ये हेर समजून कोठडीत टाकलं, तेव्हा 'संडे टाइम्स'ची गाडी पुढच्या वळणावर उभी नव्हती. फुल्टनची बाइक बंद पडली की ती त्यालाच चालू करायला लागायची. पैसे कुणी दिले यापेक्षा अडचण कुणाच्या अंगावर पडते, हे मी बघतो.

---

तिसरा_गिअर

मी मालिकेच्या बाजूने. सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणारे खूप झालेत. मॅकग्रेगरने ते केलं नसतं तर मंगोलिया नकाशावर कुठे आहे हे तरी किती जणांनी पाहिलं असतं? युनिसेफसाठी त्यांनी उलानबाटरच्या रस्त्यावरच्या मुलांना दाखवलं, चेर्नोबिलचे परिणाम भोगणारी मुलं दाखवली. एकट्या फिरस्त्याच्या डायरीला तेवढा आवाज कुठून येणार?

आणि खरं सांगू का, मला सपोर्ट गाडी मिळाली तर मी नाही म्हणणार नाही. तुम्हीही म्हणणार नाही.

---

जुना कार्ब्युरेटर

सपोर्ट गाडीपेक्षा मला बाइकच्या वजनावर बोलायचंय. 'लाँग वे राउंड'साठी त्यांना आधी केटीएम हवी होती, कंपनीने नकार दिला, मग बीएमडब्ल्यूची आर ११५० जीएस ॲडव्हेंचर आली. भरलेल्या टाकीसकट अडीचशे किलोच्या वर, त्यावर ॲल्युमिनियमच्या पेट्या, तंबू, कॅमेऱ्याचं सामान. ती चिखलात आडवी झाली की उचलायला दोन माणसं हवीत. त्यांच्याकडे ती होती.

मालिका गाजली आणि 'लांब जायचं तर बीएमडब्ल्यूची जीएसच' ही समजूत घरोघरी पोचली. मग एकटा माणूस तसलं धूड घेऊन वाळूत जातो, पहिल्याच दिवशी पाडतो आणि कुणीतरी येईपर्यंत उन्हात बसून राहतो.

याच मालिकेत मला सगळ्यात आवडलेला भाग बाइकचाच आहे. मंगोलियात क्लॉडिओच्या बीएमडब्ल्यूची फ्रेम मोडली, ती ट्रकवर चढवून रशियातल्या उलान-उदेला पाठवावी लागली. मग त्याने मंगोलियातच एक लाल रशियन बाइक, इझ प्लॅनेटा, घेतली. ३४६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. ती बंद पडायचीच, सारखी पडायची. पण बंद पडली की वाटेवरचा कुणीही माणूस पाना घेऊन बसायचा आणि चालू करून द्यायचा. कारण ती तिथली रोजची बाइक. अख्ख्या मालिकेत खऱ्या ओव्हरलँडिंगचा, म्हणजे देशोदेशीच्या रस्त्याने केलेल्या लांबच्या प्रवासाचा, वास मला तिथेच आला.

लहान बाइकवाल्यांची यादी मोठी आहे. १९९५ मध्ये 'मोंडो एन्ड्युरो' नावाच्या मोहिमेची ब्रिटिश टोळी सुझुकी डीआर ३५० वर जगाला वळसा घालायला निघाली, सपोर्ट गाडीशिवाय. सायबेरियात जिथे रस्ताच नव्हता तिथेही ते बाइकसकट घुसले. २००३ मध्ये लोइस प्राइस अलास्कापासून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकापर्यंत गेली, यामाहा एक्सटी २२५ वर. ती बाइक पडली तर एका माणसाला उचलता येते. मुद्दा संपला.

---

आभा_आडवाट

कार्ब्युरेटरकाका, +१. लोइस प्राइसचं नाव निघालंच आहे तर एक जुनी गोष्ट सांगते, कारण 'ट्रक होता की नव्हता' हा वाद आजचा नाही.

ॲन-फ्रान्स दोतव्हिल ही पॅरिसची. जाहिरात क्षेत्रात काम करायची. १९७२ मध्ये पॅरिसहून इराणमधल्या इस्फहानला जाणाऱ्या मोठ्या बाइक मोहिमेत ती मोटो गुझी ७५० घेऊन सामील झाली. परतल्यावर कुजबुज सुरू झाली की बाईसाहेबांनी बाइक चालवलीच नाही, मदतीच्या ट्रकमध्ये बसून गेल्या. तिने वाद घातला नाही. १९७३ मध्ये १२५ सीसीची कावासाकी घेतली आणि एकटी जगाच्या फेरीवर निघाली. ना ट्रक, ना ताफा, ना साक्षीदार.

म्हणजे बघा, पुरुषाला ट्रकची सोय असली तर ती 'टीमवर्क', आणि बाई ताफ्यातून गेली तर ती ट्रकमध्येच बसली असणार! हा हिशोब मला अजूनही दिसतो. एकटी बाई रस्त्यावर दिसली की पहिला प्रश्न येतो, "बाकीचे मागून येताहेत का?"

दुसरं नाव एल्स्पेथ बिअर्ड. १९८२ मध्ये आर्किटेक्चर शिकत असताना निघाली, जुनी बीएमडब्ल्यू आर ६०/६ घेऊन. पैसे संपले तेव्हा सिडनीत आर्किटेक्टच्या ऑफिसात काम केलं, गॅरेजमध्ये राहिली, आणि तिथेच ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून सामानाच्या कुलूपबंद पेट्या स्वतः तयार केल्या. आज त्या पेट्या दुकानात तयार मिळतात, म्हणून तिने काय केलं ते लक्षात येत नाही. पत्रा मोजायचा, कापायचा, वाकवायचा, रिव्हेट मारायचे, आणि मग त्या बाइकच्या चौकटीला अशा बसवायच्या की किक मारताना पाय आपटणार नाही. शिवाय हे सगळं नोकरी सांभाळून संध्याकाळी. टीव्हीवर याचा अर्धा मिनिटही दाखवणार नाहीत. १९८४ मध्ये ती घरी पोचली तेव्हा मासिकांनाही तिच्यात रस नव्हता.

---

तिसरा_गिअर

आभाताई, दोतव्हिल माहीतच नव्हती. धन्यवाद. पण मग तुम्हीच सांगा, बिअर्डची गोष्ट आज लोकांना ऐकावीशी का वाटते? मालिकांनी या विषयाचा बाजार तयार केला म्हणूनच ना?

---

आभा_आडवाट

थोडंफार खरं आहे. मालिका बघून निघालेली आणि पुढे स्वतःच्या वाटेने गेलेली माणसं मलाही भेटलीत. माझा राग मालिकेवर नाहीच मुळी, ट्रकच्या हिशोबावर आहे.

---

क्लचवायर

मी स्वतः फिरतो आणि व्हिडिओही टाकतो, त्यामुळे दोन्हीकडचा मार खातो. सुकाणू, तुमचा तारखेचा मुद्दा पटला, पण तो आमच्यावरही उलटतो, ते ऐका.

एकट्याने चित्रीकरण म्हणजे काय? समोरून बाइक येतेय, धूळ उडतेय, मागे डोंगर, असा सहा सेकंदांचा तुकडा तुम्ही बघता. त्यासाठी मी जागा बघून थांबलो. हेल्मेट काढलं, ट्रायपॉड लावला, वाऱ्याने पडू नये म्हणून पायाशी दगड ठेवले. कॅमेरा सुरू करून बाइक वळवली, मागे गेलो, परत वळवली, कॅमेऱ्यासमोरून झोकात पुढे निघून गेलो. मग पुन्हा वळून कॅमेऱ्यापाशी आलो. बघतो तर फोकस दगडावर. पुन्हा तेच. तेवढ्यात एक ट्रकवाला थांबून विचारतो, "काही हरवलंय का?"

मॅकग्रेगरच्या मागे हे करायला माणूस असतो. त्यामुळे गंमत अशी की बाइकवर असताना तो माझ्यापेक्षा जास्त वेळ नुसताच बाइक चालवत असतो.

आणि तारीख? दर आठवड्याला भाग टाकला नाही तर बघणारे पांगतात. रात्री तंबूत बसून एडिटिंग, दुसऱ्या दिवशी नेटवर्क शोधत फिरायचं. गाव आवडलं म्हणून राहावंसं वाटतं, पण पुढचा भाग कशाचा करायचा? मग निघा. निर्मात्याने लावलेली तारीख निदान करारात तरी असते. आमची आम्हीच गळ्यात बांधून घेतलेली.

डच फिरस्ती नोराली, यूट्यूबवरच्या 'इची बूट्स' चॅनेलवाली, हिला याबाबत मानलं पाहिजे. २०१८ मध्ये नोकरी सोडून भारतात रॉयल एनफिल्ड हिमालयन घेतली आणि निघाली. २०२० मध्ये महासाथीमुळे पेरूत तिचा प्रवास तुटला, तर तेही तसंच दाखवलं. ताफा नाही, पण बघणारे लाखो. आता तिला कुठल्या रांगेत बसवायचं, सेलिब्रिटी की स्वतंत्र?

---

शंकासुर

दोन्ही! आणि म्हणूनच ही विभागणी मला पोकळ वाटते.

शिवाय ताफा नको म्हणणाऱ्यांनाही काही ठिकाणी तो घ्यावाच लागतो. चीनमध्ये परदेशी बाइक न्यायची तर सरकारमान्य गाइड सोबत हवा, तात्पुरतं लायसन्स आणि नंबरप्लेट हवी. मग चार-पाच अनोळखी फिरस्ते खर्च वाटून घ्यायला एकत्र येतात आणि पुढे गाइडची गाडी. तेवढे दिवस तेही मॅकग्रेगरच!

---

जुना कार्ब्युरेटर

गाइडची गाडी तुमची बाइक उचलत नाही हो. ती तुमच्यावर नजर ठेवते.

---

घाटवळण

२०२० च्या 'लाँग वे अप'वर कुणीच बोललं नाही. तिथे इलेक्ट्रिक हार्ले होत्या, अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयापासून लॉस एंजेलिसपर्यंत. पॅटागोनियाच्या थंडीत बॅटरी उतरणार, चार्जिंगची सोय विरळ, म्हणजे सोबतच्या गाड्यांशिवाय ती मोहीम झालीच नसती. मेक्सिकोत सुरक्षेच्या भीतीने त्यांनी जुनी बस घेतली, बाइक आत चढवल्या आणि तो टप्पा बसने पार केला.

मला ते खटकलं नाही. त्यांनी लपवलं नाही, पडद्यावर दाखवलं. खटकतं ते ब्रिटिश टीव्हीवरच्या 'टॉप गियर' या गाड्यांच्या कार्यक्रमाच्या व्हिएतनाम भागासारखं, जिथे सगळं आधी लिहून ठेवलंय हे कळत असतं. तो विनोदी कार्यक्रम आहे म्हणा, त्याला प्रवास कोण म्हणतो.

---

सुकाणू

क्लचवायर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. अपलोडची तारीख माझ्या डोक्यात आली नव्हती, पण ती माझ्याच मुद्द्यात बसते. कॅमेरा कुणाच्या हातात आहे हे गौण, कॅलेंडर कुणाच्या हातात आहे हे बघायचं.

ताजिकिस्तानातल्या पामीर डोंगरांमधला माझा एक प्रसंग सांगतो. खोरोगकडून मुरगाबकडे जाताना क्लचची केबल तुटली. जास्तीची केबल होती, पण ती पेटीच्या तळाशी नव्हती. जुन्या केबलला समांतर, तिच्याच वाटेने आधीच ओवून टेपने बांधून ठेवली होती. टाकी काढायची गरज नाही, दोन्ही टोकं अडकवली की काम झालं. ही युक्ती जुन्या फिरस्त्यांची आहे. पण तिथे जवळच्या घरातला एक मुलगा आला आणि ती बांधलेली केबल बघून त्याला इतकी मजा वाटली की त्याने वडिलांना बोलावलं, वडिलांनी शेजाऱ्याला. मग माझं काम राहिलं बाजूला. त्यांच्या जुन्या रशियन मोटरसायकलला तशीच केबल ओवून देण्यात संध्याकाळ झाली. मुक्काम तिथेच.

सपोर्टची गाडी असती तर मेकॅनिकने वीस मिनिटांत केबल घातली असती आणि आम्ही अंधाराआधी मुरगाब गाठलं असतं. शूटिंगच्या हिशोबाने तेच बरोबर होतं.

---

घाटवळण

सुकाणू, पण हे गोड प्रसंगच सांगितले जातात. एकट्याचा हात मोडला, रस्त्यावर कुणी नाही, फोनला रेंज नाही, हे सांगायला पुष्कळदा कुणी उरत नाही. बूरमनचे २००६ च्या डकार रॅलीत हात मोडले तेव्हा आजूबाजूला अख्खी रॅलीची वैद्यकीय यंत्रणा होती. 'ताफा नको'चा अभिमान मिरवताना निदान सॅटेलाइटवरून मदत मागायचं यंत्र आणि हेलिकॉप्टरने उचलून नेण्याचा खर्च देणारा विमा घ्या.

---

जुना कार्ब्युरेटर

घाटवळण, शंभर टक्के. आणि विम्याच्या कागदात बाइकची सीसी मर्यादा वाचा. पुष्कळ प्रवास विमे ठराविक सीसीच्या वर मोटरसायकल धरतच नाहीत.

---

शंकासुर

बरं, सुकाणूमहाराज, तुम्हाला निर्माता केलं तर काय दाखवाल?

---

सुकाणू

एका सीमेवरचा एक अख्खा दिवस. बाकी काही नाही. सकाळी रांगेत उभा राहिलेला माणूस, इमिग्रेशनची खिडकी, मग कस्टम्सची, मग झेरॉक्स कुठे मिळते याचा शोध, मग साहेब जेवायला गेलेले. साहेब येतात, चासी नंबर, म्हणजे बाइकच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, वाचायला खाली वाकतात, त्यावर चिखल असतो, तो फडक्याने पुसायचा. 'लाँग वे डाउन'मध्ये निर्माता डेव्हिड अलेक्सानियनला अमेरिकन असल्यामुळे लिबियाचा व्हिसा मिळाला नाही. म्हणजे सीमा त्यांनाही आडवी येतेच. फक्त त्यांच्यातला एक अडला तरी बाकीचे पुढे जाऊ शकतात.

कुणी बघणार नाही, माहीत आहे.

---

तिसरा_गिअर

मी बघेन. पण दीडपट वेगाने. 😀

---

पहिलटकर

मी नुसता वाचक, पण पुढच्या वर्षी निघायचा विचार आहे. हे कार्ने कार्ने म्हणतात ते काय असतं? प्रत्येक ठिकाणी लागतं का? मालिकेत कधी दाखवलेलं आठवत नाही.

---

आभा_आडवाट

दाखवणार कसं, ते ऑफिसातली माणसं करतात.

कार्ने हे बाइकचं कस्टम्सचं पुस्तक. 'ही गाडी मी तुमच्या देशात विकणार नाही, परत घेऊन जाणार' याची हमी. ते देणाऱ्या ऑटोमोबाइल संस्थेकडे अनामत किंवा बँक गॅरंटी ठेवावी लागते, आणि ती बाइकची किंमत व कुठून कुठे जाणार यावर ठरते. सगळीकडे लागत नाही. इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त अशा ठिकाणी विचारतात. दक्षिण अमेरिकेत साधारणपणे सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात, त्यावरची मुदत मात्र डोळ्यांत तेल घालून बघ.

प्रत्येक देशासाठी एक पान, पानाचे तीन भाग. आत जाताना एक भाग कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा. तिसरा पुस्तकातच राहतो आणि त्यावर आत आल्याचा आणि बाहेर पडल्याचा, असे दोन्ही शिक्के हवेत. निघण्याआधी इंजिन नंबर आणि चासी नंबर पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. एक अंक चुकला तरी सीमेवर अडकशील.

---

पहिलटकर

धन्यवाद ताई. आणि बाहेर पडतानाचा शिक्का राहिलाच तर?

---

आभा_आडवाट

तर त्या देशाच्या लेखी बाइक अजून तिथेच आहे, आणि ते आयातशुल्क मागू शकतात. अनामत अडकते. मग बाइक दुसऱ्या देशात आहे, असा तिथल्या कस्टम्सचा दाखला मिळवून संस्थेला द्यावा लागतो. होतं काम, पण पत्रव्यवहारात महिने जातात. त्यामुळे खिडकीतला माणूस "जा, जा" म्हणाला तरी पान उघडून शिक्का बघितल्याशिवाय बाइकला किक मारू नकोस.